कराराची दुसरी प्रत

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. सुरतेत डिंडोलीतल्या आमच्या घरी वरच्या खोलीत जे पहिले भाडेकरू राहिले, त्यांच्या भाडेकराराची प्रत नोटरीकडे अडकली नव्हती. दोन्ही प्रती माझ्या कपाटात होत्या, स्वेटरांच्या खाली.

ते आमच्याच खानदेशातले. तो उधन्याला लूमवर, बारा तासांची पाळी. ती घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायची. मुलगी सहाव्या वर्षात. करार अकरा महिन्यांचा, आणि त्या अकरा महिन्यांइतकं आमचं घर पुन्हा कधी भरलं नाही. थंडीत ती गच्चीवर वांगी भाजायला बसली की वास जिन्यातून खाली यायचा, आणि माझी बायको पिठाची परात घेऊनच वर चढायची. भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. मुलगी जिन्यात बसून साड्यांच्या खोक्यांवरची गुजराती अक्षरं मोठ्यानं जुळवायची. मी चूक काढली की म्हणायची, "काका, तुम्हाला तरी येतं का नक्की?"

करार केला त्या दिवशी नोटरीनं दोन्ही प्रती माझ्यापुढे सरकवल्या. भाडेकरूला पाळीवर पळायचं होतं. "दादा, तुमीच ठेवा," म्हणाला, "मी मंग घेतो." संध्याकाळी समोरच्या ओट्यावरच्या काकांनी मला शहाणं केलं. "भाडूआतना हाथमां कागळ आप्यो, एटले मकान गयुं समजो." भाडेकरूच्या हाती कागद गेला की घर गेलं! सुरतेत येऊन वीस वर्षांत उभं केलेलं ते एकच घर. मी घाबरलो.

उन्हाळ्याच्या तोंडावर खाजगी शाळांतल्या फुकट प्रवेशाचे फॉर्म निघाले. पत्त्याच्या पुराव्याला भाडेकरार हवा होता.

"दादा, कागद?"

"नोटरीकडेच शे," मी म्हणालो. "शिक्का राहिलाय. मी जाऊन येतो."

आणि मी खरंच घराबाहेर पडलो. उधना दरवाजापर्यंत गेलो, टपरीवर दोन चहा प्यायलो, परत आलो. "नोटरी गावाला गेलाय." असं तीनदा केलं. तिसऱ्या वेळी ती वहिनी जिन्यातच उभी होती. माझं तोंड बघून म्हणाली, "जाऊ द्या भाऊ, उन्हाचं किती फिराल आमच्यासाठी." पाणी आणून दिलं. मी ते प्यायलोही.

फॉर्मची तारीख गेली. मुलगी महापालिकेच्या शाळेत गेली. करार संपल्यावर त्याला इच्छापोरला कंत्राटी काम मिळालं, ते तिकडे राहायला गेले. जाताना बायका गळ्यात पडून रडल्या. मी टेम्पोत गाद्या चढवत होतो, त्यामुळे मला कुणाकडे बघावं लागलं नाही.

पुढच्या भाडेकरूच्या वेळी नोटरीकडचा कारकून करार वाचून दाखवत होता. कलम शेवटून दुसरं : एक प्रत मालकाकडे, एक भाडेकरूकडे राहील. मी विचारलं, प्रत दिली तर पुढे घराचं काही...? तो हसला. "अहो, तो फक्त राहतोय, असं याच कागदात तर लिहिलंय. तुमचं घर यानंच सुरक्षित राहतं." घरी येऊन मी जुना करार काढला. तेच कलम त्यातही होतं. खाली माझी सही.

मागच्या वर्षी एका लग्नात तो पहिला भाडेकरू भेटला. केस पांढरे, हसू तेच. मुलीचं विचारलं, तर म्हणाला, "आठवी झाली आन् बसली घरी. तिच्या आईसोबत खडे लावती. हात लई चालतो तिचा." मग शेजारच्या पाहुण्याला माझी ओळख करून दिली, "हे आमचे घरमालक. पोरीच्या शाळेसाठी तीन खेपा घातल्या होत्या नोटरीकडे. आजकाल कोण करतं?"

पाहुण्यानं मान डोलावली. मी ताटातला भात कालवत राहिलो.

खाजगी शाळेत ती पुढे शिकलीच असती, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण तिच्या बापानं फॉर्म भरला असता, एवढं नक्की. ते मी होऊ दिलं नाही, आणि वर त्याचे आभारही घेतले. हे त्याला त्याच्या घरी जाऊन, त्या मुलीसमोर सांगणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.