शून्यबाईंचं घड्याळ

प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की बाई कुणाकडं बघायच्या नाहीत. पदर कमरेला खोचायच्या, पहिल्या टेबलावरचं व्हर्निअर उचलायच्या आणि त्याचे दोन्ही जबडे मिटवून खिडकीच्या उजेडात धरायच्या. जबडे मिटले की माप शून्य यायला पाहिजे. नाही आलं, तर तेवढी खोट त्या उपकरणात आहे. ती आधी टिपायची आणि मग कशालाही हात लावायचा. “आधी शून्य बघा,” एवढंच बोलायच्या. जूनपासून मार्चपर्यंत हेच. म्हणून पोरं त्यांना मागं शून्यबाई म्हणायची. एकदा एका पोराच्या तोंडून त्यांच्यासमोरच ते निसटलं. पोरगं पांढरंफटक झालं. बाई म्हणाल्या, “म्हणा की. वर्षभरात निदान तेवढं तरी लक्षात राहिलंय.”

मी धायरीचा. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांचं आणि माझं पटलं नाही म्हणून सुटलेली. पानशेतच्या पुरानंतर दोनेक वर्षांनी शहरातल्या एका कॉलेजात, फिजिक्सच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागलो. पहिल्या वर्षाच्या पोरांना मेकॅनिक्सचे प्रयोग असत. भिंतीत बसवलेलं जड लोखंडी चाक होतं, छतापासून लोंबणारी तार होती, उतरती फळी होती. आणि सगळ्यात साधा म्हणजे लंबक. दोऱ्याला गोळा बांधायचा, झुलवायचा, घड्याळ लावून झोके मोजायचे आणि त्यावरून पृथ्वी वस्तूला किती ओढते ते काढायचं. उत्तर पुस्तकात छापलेलंच असतं, नऊशे ऐंशी. छापलेलं आहे तर ही पोरं रोज झोके कशाला मोजतात, हे मला बरेच दिवस कळलं नाही. आणि कुणाला विचारायचं तर मी स्वतःला काही कमी समजत नव्हतो.

एका दुपारी पोरं गेल्यावर मी गोळे पुसून ठेवत होतो. बाईंनी विचारलं, “रंगनाथ, पितळी गोळा लवकर झुलेल की लाकडी?” मी म्हटलं, यात विचारायचं काय, जड तो लवकर. आमच्या चिंचेच्या झोक्यावर थोरली आत्या बसली की झोका कसा घोंगावत यायचा, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. बाईंनी वाद घातला नाही. बाई वाद घालतच नसत, आणि पुण्यात राहून हे सोपं नाही. त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “मोजा.”

मोजलं. दोन्ही सारखेच. मला वाटलं, हा पितळी गोळा आतून पोकळ असणार. कॉलेजच्या खरेदीचा काय भरवसा. दुसऱ्या दिवशी सायकलला बांधून घरून तराजूचं दोन किलोचं वजन घेऊन आलो. बाईंनी ते बघितलं आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही. दोऱ्याऐवजी सुतळी दिली, लांबी वजनाच्या मध्यापर्यंत धरायची हे दाखवलं आणि आपल्या खुर्चीत जाऊन पेपर तपासत बसल्या. तेही तसंच झुललं. मी लांबी बदलली, पुन्हा झुलवलं. लांब दोरीला वेळ जास्त, आखूड दोरीला कमी. वजनाचा काही संबंधच नाही. दोन-तीन दिवस माझं हेच चाललं होतं. शेवटी बाईंनी मान वर करून विचारलं, “काय, हरलात का?”

“हरलो नाही,” मी म्हटलं. “मोजलं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “हे बरोबर बोललात.” मला त्या प्रयोगशाळेत शाबासकी मिळाली ती एवढीच, पण ती अजून पुरते आहे. आत्याचं म्हणाल, तर तिचा झोका लवकर येत नव्हता. आम्हीच भिऊन लवकर बाजूला होत होतो.

पोरांना मात्र मोजायचा कंटाळा. त्यांची एक युक्ती होती. उत्तर नऊशे ऐंशी यायला पाहिजे ना, मग ते आधी मांडायचं, त्यावरून उलटं गणित करायचं आणि झोक्यांच्या वेळा त्याप्रमाणं लिहून टाकायचे. याला ती ‘कुक करणं’ म्हणत. सगळ्या कॉलेजांत चालायचं, मास्तर लोकही कानाडोळा करायचे. बाई करायच्या नाहीत. वहीत फार गुळगुळीत आकडे दिसले की चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, “हे घरी शिजवलंत की मेसमध्ये?” पण परीक्षेत बाहेरचा परीक्षक येतो, त्याला नऊशे ऐंशी लागतं, ही पोरांची भीती काही बाईंना काढता आली नाही.

आणि मग ते वर्ष आलं.

लंबकाच्या टेबलावरचं स्टॉपवॉच ऐन परीक्षेच्या तोंडावर बंद पडलं. कॉलेजच्या रीतीनं दुरुस्तीला पाठवलं असतं तर परीक्षा उलटून गेली असती. बाई कसब्यात राहायच्या. त्यांच्याच बोळात एक म्हातारे घड्याळजी होते. बाईंच्या वडिलांचं मनगटी घड्याळ त्यांच्याच हाताखालून गेलेलं, पुढं ते बाईंच्या हातावर आलं तेव्हाही तेच बघायचे. बाईंनी स्टॉपवॉच त्यांच्याकडून करून आणलं आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हातानं टेबलावर ठेवलं.

परीक्षेला बाहेरगावचे एक साहेब आले होते, कोट घातलेले. प्रत्येक पोरानं चिठ्ठी उचलायची, निघेल तो प्रयोग करायचा. लंबकाच्या टेबलावर आधीच्या तुकड्यांतली तीन पोरं बसून गेली. तिघांचंही उत्तर नऊशे ऐंशीच्या अल्याडपल्याड. चौथी शालन. ही आमच्या धायरीची, आमच्या आळीतलीच. तिच्या बापानं चावडीवर सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, यंदा पास होऊन सुटली तर पुढं शिकेल, नाहीतर शहर बास झालं. प्रॅक्टिकलात नापास म्हणजे वर्ष गेलं, आणि तिचं वर्ष गेलं म्हणजे सगळंच गेलं, हे तिला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं.

शालनचं उत्तर आलं एक हजार तीस. साहेबांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. साहेब हसून म्हणाले, “धायरीत पृथ्वी जास्त ओढते वाटतं?” हॉलमधली चार पोरं हसली. मी कोपऱ्यात वजनं लावत होतो, सगळं ऐकत होतो. पण पोर माझ्या गावची; मी तोंड उघडलं असतं तर वशिला ठरला असता. साहेबांनी मग तिला समजुतीच्या आवाजात विचारलं, बरोबर उत्तर किती ते तरी माहीत आहे ना?

“माहीत आहे सर,” शालन म्हणाली. “पण आलंय हे.”

साहेबांनी तिच्या कागदावर लाल पेन टेकवलं. बाई तोपर्यंत पलीकडं भिंतीतल्या चाकाजवळ दुसऱ्या पोरांपाशी होत्या. त्या आल्या, कागद उचलला आणि शालननं काढलेला आलेख उजेडाला धरला. सगळे ठिपके एका सरळ रेषेत. बाई म्हणाल्या, “सर, चुकणारी मुलगी अशी एका रेषेत चुकत नाही.” मग शालनला उठवून स्वतः त्या स्टुलावर बसल्या. गोळा बाजूला नेला, सोडला, झोके मोजले, गणित केलं. सगळ्या हॉलनं आपापले प्रयोग थांबवले होते. बाईंचंही उत्तर हजाराच्या वर आलं.

बाईंनी घड्याळाकडं बघितलं. मग मला म्हणाल्या, “रंगनाथ, चाकाजवळचं घड्याळ आणा.” मी आणून दिलं. दोन्ही घड्याळं दोन हातांत धरून त्यांनी एकदम सुरू केली. मिनिटभरात लंबकाचं घड्याळ दीड सेकंद मागं पडलं. एवढासा फरक, पण झोक्यांना वेळ कमी लागल्यासारखा दिसतो आणि उत्तर तेवढ्यानंच फुगतं.

बाई उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. “हे घड्याळ मी दुरुस्त करून आणलं. माणूस ओळखीचा, म्हणून दुसऱ्या घड्याळाशी लावून पाहिलं नाही. शून्य मी पाहिलं नाही. चूक माझी आहे, सर. तशी लिहून घ्या.”

साहेब गडबडले. म्हणाले, असू द्या, हिला आपण पास करून टाकू. त्या तिघांचं तर बरोबरच आहे.

“त्यांचं उत्तर बरोबर आहे,” बाई म्हणाल्या, “म्हणूनच ते खोटं आहे. या घड्याळावर ते येऊच शकत नाही.”

साहेबांचा मग पारा चढला. तिघांनाही नापास करतो म्हणाले. बाई आडव्या आल्या. खोटं घड्याळ आम्ही दिलं, त्यांनी खोटं लिहिलं; सुरुवात आमची आहे, तेव्हा चौघांचीही परीक्षा चांगल्या घड्याळावर पुन्हा व्हायला पाहिजे. साहेब म्हणाले, याला कारण लेखी द्यावं लागेल. बाईंनी तिथंच टेबलावर बसून स्वतःच्या चुकीचं कारण लिहून दिलं, खाली सही केली. तिघांना परत बोलावलं, चौघांनी पुन्हा झोके मोजले. चौघं सुटले.

शालनचा बाप पेढे घेऊन माझ्या दारात आला. मी म्हटलं, हे कसब्यात न्या.

त्या वर्षी विभागप्रमुख व्हायची पाळी बाईंची होती. ती दुसऱ्याला मिळाली. कारण कुणी सांगितलं नाही, पण ‘परीक्षेत घोळ घातलेल्या बाई’ असं व्हरांड्यातून फिरत होतंच. मला राग आला. मी बाईंना म्हटलंसुद्धा, कशाला कबूल केलंत, घड्याळ गुपचूप बदलता आलं असतं. बाई म्हणाल्या, “आणि उद्यापासून ‘आधी शून्य बघा’ कोणत्या तोंडानं म्हणू?” घड्याळजींना त्यांनी कधी बोल लावला नाही. पण ते घड्याळ पुन्हा त्यांच्याकडं नेलंही नाही. कागदाची पट्टी चिकटवून वर लिहिलं, ‘मागे पडते’, आणि कपाटात ठेवलं.

जूनमध्ये नवी पोरं आली की पहिल्या दिवशी मी पट्टी काढून तेच घड्याळ लंबकाच्या टेबलावर ठेवायचं, हा आमचा दोघांचा रिवाज झाला. ज्याचं उत्तर नऊशे ऐंशी येई, त्याला बाई म्हणत, “फार छान. आता खरंच मोजा.” आणि ज्याचं हजार तीस येई, त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसत आणि विचारत, का आलं असेल? ते पोर दोरी तपासायचं, गोळा तपासायचं, स्वतःला शिव्या द्यायचं आणि शेवटी कधीतरी घड्याळाकडं बघायचं. बाई काही सांगायच्या नाहीत. त्या पोरांना पुढं शून्य बघा म्हणून सांगावं लागलं नाही. बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “जून विसरू नका.” नव्या सरांना ते पटवायला मला वर्ष लागलं, पण मीही धायरीचा आहे.

बाईंचं दुखणं वाढल्याचं कळलं तेव्हा कसब्यात भेटायला गेलो. खाटेवर अगदी एवढ्याशा दिसत होत्या. उशाशी वडिलांचं मनगटी घड्याळ, चालू. मला ओळखलं. पोरांचं, माझ्या गुडघ्याचं, कशाचं काही विचारलं नाही.

“ते घड्याळ अजून मागे पडतं का हो?”

“पडतं, बाई. तेवढंच.”

“कधी पाहिलंत?”

“परवा. नव्या घड्याळाशी लावून.”

“आणि नवं?”

“ते रेडिओच्या टोल्यांशी लावून घेतलं.”

“आणि रेडिओ?”

मी म्हटलं, “तेवढं राहिलं, बाई.”

बाई हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना आवाज करून हसताना ऐकलं नव्हतं. उशाशी हात नेऊन ते वडिलांचं घड्याळ चाचपलं आणि म्हणाल्या, “राहू द्या. कुठंतरी विश्वास ठेवावाच लागतो.”

नंतरच्या आठवड्यात बाई गेल्या. मीही पुढं निवृत्त झालो. आता धायरीत आमच्या शेताच्या जागी इमारती आहेत, खाली बाकावर शिकलेली माणसं येऊन बसतात, बोलता बोलता विचारतात, आजोबा, तुमचं शिक्षण किती? मी सांगतो, शाळेत चौथी. आणि शून्यबाईंकडं लंबक.