बाहेरच्या खोलीतले सात लाख

माझं वर्षाचं उत्पन्न किती, असं कुणी विचारलं की मी आधी उलटं विचारतो, कोण विचारून राहिलं? तहसीलवाले विचारत असतील तर एक आकडा आहे. बँकवाले विचारत असतील तर दुसरा. पोरीचा बाप विचारत असेल तर तिसरा, आणि तो सगळ्यात देखणा. खरा आकडा चौथाच, पण तो आजवर कुणी विचारलाच नाही, त्यामुळं मीही कधी काढला नाही.

मुदखेडला स्टेशनाकडून गावात येताना माझं दुकान लागतं. जळालेल्या मोटारी भरून देतो, विहिरीवरच्या, बोअरच्या. भरून देणं म्हणजे आतली जळकी तार उपसायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वार्निश मारायचं, वाळवायचं. लाईट नीट आली तर माझा धंदा बसतो आणि लाईटीनं घात केला तर चालतो. आमच्याकडची लाईट बघता उपाशी मरायची भीती नव्हती. पण ज्या महिन्यात पाऊस जोरात, त्या महिन्यात मोटारी बंद आणि मीही बंद. असल्या धंद्याचं वर्षाचं उत्पन्न काय सांगणार, कप्पाळ?

दुकान मूळचं बापाचं. लाकडी गल्लाही त्याचाच. बाप माणूस म्हणून वाईट नव्हता. दारू नाही, मायवर हात उचलणं नाही. पण मायनं पैसे मागितले की त्याचा एकच शब्द ठरलेला, "कशाला?" पोरांच्या वह्यांना, असं ती सांगायची, मग द्यायचा. दळणाला, द्यायचा. नाही म्हटल्याचं मला एकदाही आठवत नाही. पण 'कशाला' विचारल्याशिवाय त्यानं गल्ला कधी उघडला नाही, आणि माय बोटाला पदर गुंडाळत एकेक कारण सांगत उभी राहायची. बाप गेल्यावर मी घरखर्चाचे पैसे फळीवरच्या डब्यात ठेवायला लागलो. तिनं कधी मागितले नाहीत, म्हणून मीही कधी विचारलं नाही. आपण बापापेक्षा बरे, अशी माझी समजूत होती.

मग सरकारनं बहिणींना महिन्याला पंधराशे द्यायचं काढलं. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत पाहिजे, अशी अट. तहसीलचा दाखला काढला, अडीचच्या बराच आत बसलो. साठीला टेकलेल्या माझ्या मायच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा पैसे आले. बँकेतून आली त्या दिवशी तिनं ते मला दाखवलेसुद्धा नाहीत. पिशवीत घालून पिशवी खुंटीला लावली आणि चहा टाकला.

तिची धाकटी बहीण इस्लापूरला. आधी वर्षा-दोन वर्षांतून, कुणाचं लग्न नाहीतर मयत असली तरच भेट. आता दर महिन्याला. बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट, वर हे पंधराशे, मग काय विचारता! नव्या चपला घातल्या, मावशीसाठी चिवडा बांधला की निघाली. मी एकदा म्हटलं, "माय, एवढं काय हाय इस्लापूरला?" तर म्हणाली, "काहीच न्हाई. बसतो दोघी. पर जाताना कोणाला सांगायचं काम न्हाई, हे लई बरं वाटतंय बघ."

इथवर सगळं झकास होतं. पण मी तेहतीस वर्षांचा झालो होतो आणि माझं लग्न होत नव्हतं.

पूर्वी पोराला विचारायचे, शेती किती? मग विचारायला लागले, नोकरी हाय का? आता विचारतात, रिटर्न भरता का? खोटं वाटत असेल तर आमच्या मामाला विचारा, त्यानं माझ्यापायी चपला झिजवल्या. माझा बायोडाटा घेऊन तो हदगावला गेला, किनवटला गेला, शेवटी लातूरला एक स्थळ लागलं. मुलीचं स्वतःचं ब्युटी पार्लर. बाप क्लासच्या पोरांना खोल्या भाड्यानं देणारा, म्हणजे तोही आमच्यासारखाच, साहेब नसलेला माणूस. पण फोनवर त्यानं मामाला स्वच्छ सांगितलं, "धंदेवाला मुलगा चालेल आम्हाला. पण इन्कम टॅक्सचं रिटर्न दाखवा, मगच पोहे."

मग मी नांदेडला टॅक्सवाल्या साहेबाकडं गेलो. जिन्याखाली त्याची खोली, बाहेर खुर्च्यांवर माझ्यासारखी चारपाच लग्नाळू तोंडं. माझा नंबर आला. साहेबानं विचारलं, "किती पाहिजे?"

मी म्हटलं, "काय किती?"

"उत्पन्न."

शिंप्यानं माप न घेताच विचारावं, केवढा सदरा पाहिजे, तसा प्रकार. मी म्हटलं, "साहेब, माझं खरं बघाल तर दोनाच्या आसपास..."

"ते मी विचारलंच नाही. कर्जाला पाहिजे का लग्नाला?"

"लग्नाला."

"मग सातच्या थोडं आत ठेवू. तेवढ्यापर्यंत सूट आहे, टॅक्स शून्य बसतो."

मला पुन्हा विचारावं लागलं. सात लाख कमावतो म्हणून सांगायचं आणि सरकारला एक रुपया द्यायचा नाही? साहेब म्हणाला, हाव. वा रे सरकार! गरीब म्हणवून घ्यायला मी तहसीलच्या खिडकीत रांगा लावल्या, शिक्के मारून घेतले, दोन साक्षीदार नेले. श्रीमंत व्हायला मात्र साहेबाची फी तेवढी लागली आणि एक कप चहा, तोही त्यानंच पाजला. घरात आणखी कुणाला कसला सरकारी लाभ मिळतो का, हे त्यानं विचारलं नाही. मलाही ते आठवलं नाही. डोक्यात बाशिंग असलं की दुसरं काही मावत नाही.

कागद हातात आला तो मी तसाच पलीकडच्या दुकानात नेला आणि लॅमिनेशन करून घेतला. आमच्याकडं कामाचा कागद मिळाला की पहिलं लॅमिनेशन. माझी दहावीची सनद, बापाचा मृत्यूचा दाखला, सगळं घर प्लास्टिकात आहे.

लातूरला गेलो तिघंच, मामा, माय आणि मी. लोहा, अहमदपूर करत एसटीनं अंग खिळखिळं करून पोचवलं. जयभीम झाला, पाणी झालं. आम्ही पुरुष बाहेरच्या खोलीत सोफ्यावर, मायला बायांनी आत नेलं. मधे पडदा. पोरीच्या बापानं चष्मा लावला आणि माझं रिटर्न हातात घेतलं. माझ्याकडं त्यानं एकदाच बघितलं, कागदाकडं चारदा.

"छान आहे," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी वाढेल?"

"वाढेल की," मी म्हटलं.

"बारापर्यंत जाईल," मामानं ठोकून दिलं. सूट तिथवर वाढलीय, हे मामाला कुणीतरी एसटीत सांगितलं होतं.

मी मामाकडं डोळे वटारले. भावी सासरा मात्र खुश झाला आणि पडद्याकडं तोंड करून म्हणाला, "पोहे आणा."

पोहे आले नाहीत. आतून आला तो मायचा आवाज. माझी माय हळू बोलते तेव्हा ते शेजारच्या घरात ऐकू जातं, आणि त्या दिवशी तर ती कौतुकानं बोलत होती. "मला काय कमी हाय, बाई? पोरगं तर बघतंच. वर महिन्याला पंधराशे येतात, माझे मला. इस्लापूरला जाते बहिणीकडं."

मामानं माझा गुडघा दाबला. मी सोफ्याचं कव्हर धरलं. सात लाखांच्या घरात अडीच लाखांच्या आतली माय कशी, हे गणित आता आतल्या बाया मांडणार. पण झालं भलतंच. पोरीची आई हळहळून म्हणाली, "तुमचे अजून चालू हायत व्हय, ताई? माझे बंद झाले. ह्यांनी वरच्या मजल्याला लोन काढायचं म्हणून रिटर्न भरलं. लई दाखवलं. झालं, घरात एकानं भरलं की बाईचे बंद."

आत एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला आणि पडदा सरकला. माय दारात उभी. डोक्यावरचा पदर घसरलेला.

"तो कागद द्या हिकडं," ती पोरीच्या बापाला म्हणाली.

"अहो, बघतोय मी, चांगलं आहे..."

"काय चांगलं हाय? खोटं हाय ते. एवढं उत्पन्न न्हाई आमचं. ह्याच्या निम्मं बी न्हाई. दोन लाख लागले तर देव पावला. फाडा ते!"

मामा उठून उभा राहिला, परत बसला. "ताई, अगं ऐक," एवढंच म्हणत राहिला. पोरीच्या बापानं कागद छातीशी धरला. मायनं तो हिसकला आणि फाडायला गेली. लॅमिनेशन! वाकला, पण फाटेना. तिनं दुसऱ्या बाजूनं ओढून बघितला. शेवटी कोपरा दातात धरला. तेवढ्यात पोरगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. मी तिला पहिल्यांदा बघितलं ते हे असं, आणि ती ट्रेसकट खो खो हसत होती. त्या खोलीत तेवढी एकच शहाणी होती, असं मला आजही वाटतं. पण रिटर्न बघायचं काम तिच्याकडं नव्हतं.

बाप म्हणाला, "विचार करून कळवतो." याचा अर्थ काय, हे तेहतीस वर्षांच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

परतीच्या एसटीत मी अहमदपूरपर्यंत कसातरी दम धरला. मग राहवलं नाही. "माय, माझं लग्न मोडलंस तू. पंधराशे रुपयांपायी!"

"हाव," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पंधराशेपायीच. तू सात लाखाचं खोटं बोलला तवा मला इचारलं व्हतं का?"

मी लई चिडलो होतो. लोह्याला मामानं भजी आणली, ती मी खाल्ली नाहीत. मायनं खाल्ली.

आता निदान तिचे पैसे तरी वाचले, असं आम्ही तिघंही धरून चाललो होतो. बाई खरं बोलली, भर बैठकीत बोलली, लग्न मोडून बोलली. पण सरकार काही लातूरच्या त्या खोलीत पोहे खायला बसलेलं नव्हतं. त्याच्याकडं माझं रिटर्न आधीच पोचलं होतं. एक महिना पैसे आले. पुढच्या महिन्यात माय बँकेत जाऊन रिकामी परत आली. त्याच्या पुढच्याही.

मी नांदेडला त्या साहेबाकडं धावलो. म्हटलं, कमी करून भरा, माझं खरं भरा. त्यानं मान हलवली. "वाढवून भरलं तर कुणी विचारत नाही. आता कमी केलं तर विचारतील, बाकीचे कुठं गेले? काय दाखवणार?" खरंच, न कमावलेले पाच लाख कुठं ठेवलेत, हे दाखवणार तरी कसं?

मग योजनेच्या ऑफिसात गेलो. तिथला बाबू मोठा सज्जन माणूस. त्यानं शांतपणे नियम सांगितला. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. "तुमचं लग्न झालं नाही, म्हणून तुमचं उत्पन्न आईच्या कुटुंबात धरलं. लग्न करून टाका. तुम्ही कुटुंबातून निघालात की त्यांचा अर्ज पुन्हा बघता येईल."

"लग्नासाठीच तर रिटर्न भरलं होतं, साहेब," मी म्हटलं.

"मग करा की," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी येऊन मी हे मायला सांगितलं. मला वाटलं हसेल. हसली नाही. त्या महिन्यात ती इस्लापूरला गेली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात मावशीचा फोन आला तर म्हणाली, "गुडघे दुखून राहिलेत गं, बघू." गुडघ्यांना काहीही झालं नव्हतं, रोज विहारात चालत जात होती. फळीवरच्या डब्यात मी पैसे ठेवत होतो, ते ती किराण्याला काढत होती. पण तिच्या लेखी ते घराचे होते, तिचे नव्हते. मी सरळ म्हणायला पाहिजे होतं की त्यातलेच घे आणि जा. मी म्हटलं नाही. रोज म्हणू म्हणू म्हणत होतो.

मग एका दुपारी ती दुकानात आली. एरवी मागच्या दारानं, माझा डबा घेऊन येते. त्या दिवशी पुढून आली, गिऱ्हाईकं उभी राहतात तिथं उभी राहिली. पायात त्या नव्या चपला. माझ्या मांडीवर अर्धी भरलेली मोटार, बोटांत तार, आणि शेजारच्या गावचा एक पाटील डोक्यावर बसलेला, आजच्या आज पाहिजे म्हणून.

"दोनशे रुपये दे रे," माय म्हणाली.

शपथेवर सांगतो, माझ्या मनात काही नव्हतं. तारेचा पीळ सुटेल म्हणून मी वर बघितलंसुद्धा नाही. एक हात गल्ल्याकडं गेलाच होता. तोंडातून नुसतं निघून गेलं.

"कशाला?"

मायनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सांगायला लागली, "इस्लापूरला जाऊन येते म्हणते. लई दिवस झाले. जाताना अर्धं तिकीट, येताना अर्धं. तिच्या नातवाला ताप हाय म्हणे, त्याला एक बिस्किटाचा पुडा..."