ताठ उभी बाई

कोची आणि बडोद्याची प्रदर्शनं पाहून मी पाथर्डीच्या जीपमध्ये बसलो, तेव्हा माझ्यासारखी नजर अख्ख्या तालुक्यात कुणाला नाही, अशी माझी खात्री होती. शेजारी ऊसतोडीहून परतलेल्या एक बाई होत्या. त्यांना मी आपणहूनच मोबाईलवर माझं चित्र दाखवलं: ताठ उभी राहून ऊस तोडणारी स्त्री.

त्यांनी मिश्रीचं बोट पदराला पुसलं आणि चित्र मोठं करून पाहिलं.

"साडी लई भारी हाय," त्या म्हणाल्या. "पन उभ्यानं ऊस कसा तुटंल? बुडातून तोडावा लागतो. मुकादम हाकलून दील हिला."

मी कलेतल्या स्वातंत्र्याबद्दल बोलत राहिलो. त्यांचं गाव आलं. उतरून त्यांनी कमरेवर हात ठेवला, पण पाठ काही सरळ झाली नाही.

मी पुढच्या चित्रासाठी पटकन फोटो काढून घेतला.