सव्वा महिन्याचं पिल्लू

पिल्लू मेलं आणि दोष ड्रायव्हरवर आला. चूक माझी होती. ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तरी मी चार दिवस गप्प बसले.

माझा मुलगा ओमानमध्ये, दूर दुक्मला कामाला असतो, महिन्यातून एकदा घरी येतो. इथे वादी कबीरच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघी. मी, सून आणि आठ वर्षांची नात. मुलाचा अर्बाब, म्हणजे कंपनीचा ओमानी मालक, अझैब्यात राहतो. त्याच्या घरात फेरेट होती. मुंगसासारखा लांब प्राणी, रंगाने पिवळट, वासाला उग्र. त्याच्या घरी रंगकाम निघालं तेव्हा त्याने मुलाला विचारलं, थोडे दिवस सांभाळाल का. मालकाला नाही कोण म्हणणार? पिंजरा आमच्या हॉलमध्ये आला.

पंधरा दिवसांत ती व्याली. पाच पिल्लं. करंगळीएवढी, आंधळी, अंगावर पांढरी लव. घरातली बाळंतपणं मीच करत आले, हेही केलं. तिला अंडं दिलं, कोंबडी शिजवून दिली, एसी दिवसरात्र चालू ठेवला. सून म्हणाली, "आई, माझ्या वेळी एवढं केलं नव्हतं तुम्ही." मी म्हटलं, "तू एकच दिलंस. हिने पाच दिली."

रंगकाम संपलं तरी अर्बाबने फेरेटला हलवलं नाही. पिल्लं मोठी होईपर्यंत ती इथेच राहू दे म्हणाला. फक्त त्याच्या धाकट्या मुलीला एक पिल्लू आधी हवं होतं, आणि ते कधी न्यायचं हे आजीच सांगतील, असा त्याचा निरोप आला. घाई त्याने केली नाही, हे मला नीट लिहायचं आहे. त्याने मला विचारलं होतं.

मी सांगितलं, सव्वा महिना.

आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्याने उठते. न्हाऊन माखून बाहेर पडते, बाळाला देवळात नेतात. त्याच हिशेबाने मी कॅलेंडरवर खूण केली. तोवर पिल्लांचे डोळे नुकतेच उघडले होते. मी बारीक केलेली कोंबडी ठेवली की तोंड लावत. लागली खायला, मी मनात म्हटलं. खरं तर ती नुसती चाटत होती. पोट आईच्याच दुधावर भरत होतं. मला ते दिसत होतं, मी बघितलं नाही.

नातीने बघितलं. ती मोबाईल घेऊन आली. "आजी, इथे एट वीक्स लिहिलंय. ॲटलीस्ट. ती आईकडून शिकतात, चावायचं किती ते पण."

"मोबाईल कधी बाळंत झालाय का?" मी म्हटलं. सून हसली. नात नाही हसली.

ठरलेल्या दिवशी अर्बाबचा ड्रायव्हर आला. आमच्याच कोकणातला, चाळिशीचा माणूस. मला मावशी म्हणतो. पिल्लू त्याच्या ओंजळीत सहज मावलं. तो म्हणाला, "मावशी, लय बारकं आहे हो. पक्कं ना?"

"पक्कं," मी म्हटलं. "मी काय आज पिल्लं बघतेय?"

तिसऱ्या दिवशी ते मेलं. खात नव्हतं, जुलाब झाले, अंग गार पडलं. अर्बाबच्या घरी सगळे धरून बसले की ड्रायव्हरने येताना कुठेतरी गाडी उन्हात लावली असणार. त्या आठवड्यातलं ऊन असं होतं की बोलणं कुणालाही पटलं असतं. मुलीला रडून रडून ताप भरला. अर्बाब ड्रायव्हरला म्हणाला, खलास, महिना भरला की घरी जा.

हे मला मुलाने दुक्महून फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "अरे, त्याचं काही नाही. पिल्लू लवकर दिलं मी."

"आई, तू गप्प राहा," तो म्हणाला. "माझं कॉन्ट्रॅक्ट आता रिन्यू व्हायचंय. त्याच्या मुलीचं पिल्लू माझ्या आईने मारलं, हे त्याच्या डोक्यात कशाला घालतेस?"

म्हणून गप्प राहिले. एकीकडे पोटचा मुलगा, दुसरीकडे परका माणूस. वजन कुठे पडणार? उरलेली चार पिल्लं आईच्या अंगावर चढून दूध ओढत होती. पाचवं कुठे गेलं म्हणून आईने शोधाशोध केली, असं लिहिलं तर बरं वाटेल. पण तिने केली नाही. ती चौघांना पाजत होती. त्या पिण्याकडे बघताना माझ्या ध्यानात आलं. सव्वा महिन्याने बाळ बाहेर जातं ते आईच्या कडेवर. आईला सोडून नाही. एवढी बाळंतपणं करून मला हे सुचलं नव्हतं.

त्या फोननंतर पाचव्या दिवशी ड्रायव्हर पिल्लांसाठी मांस घेऊन आला. हिशेब होईपर्यंत काम चालूच होतं त्याचं. पिशवी दारात ठेवून तो वळला. मी म्हटलं, "थांब. मला अझैब्याला ने."

"कशाला मावशी?"

"चल तू."

अर्बाब अंगणात उभा होता. त्याला हिंदी येतं, मला मोडकं तोडकं. मी सांगितलं, गाडी उन्हात नव्हती. पिल्लू आईपासून लवकर तोडलं ते मी. माझ्या नातीने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. याने विचारलं होतं, पक्कं का, मी पक्कं म्हटलं.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ड्रायव्हरला म्हणाला, तू राहा. मला म्हणाला, बाकीची पिल्लं डॉक्टर सांगेल तेव्हाच आणा. माझ्या मुलाबद्दल काही बोलला नाही. अजून बोललेला नाही. कॉन्ट्रॅक्टचा कागद आलेला नाही आणि मुलगा फोनवर माझ्याशी दोन शब्दांपलीकडे बोलत नाही.

परत येताना ड्रायव्हर उपकार मानील असं मला वाटलं होतं. त्याने मानले नाहीत. आमच्या बिल्डिंगखाली गाडी थांबवली, तेव्हा पुढे बघतच म्हणाला, "बायकोला मी परवाच सांगून बसलो, येतोय म्हणून. मुलाची फी भरू नको म्हटलं. चार दिवस कशाला थांबलात, मावशी?"

मी दार उघडून उतरले. वर नात पिंजऱ्यापुढे बसून कॅलेंडरवर नवी खूण करत होती. मी विचारलं, किती दिवस राहिले? तिने सांगितलं. या वेळी मी ऐकलं.