ऑलिंडाचं कुकींचं टेबल

ऑलिंडा पेत्रेल्लानं पोरीचं लग्न मोडलं, ही बातमी सकाळी बेकरीच्या रांगेत जन्मली आणि दुपारपर्यंत चर्चला प्रदक्षिणा घालून परत आली. साफ खोटी. ऑलिंडा एवढंच म्हणाली होती, की कुकींचं टेबल नसेल तर नवरीची आई लग्नाला येणार नाही. आता आमच्या गल्लीत या दोन गोष्टींत फारसा फरक मानत नाहीत, तो भाग वेगळा.

ऑलिंडाचं कोपऱ्यावर बायकांचे केस कापायचं दुकान. पोलादाच्या भट्ट्या थंड पडल्या, अमेरिकेतलं हे आमचं यंग्सटाऊन शहर अर्धं बिऱ्हाड गुंडाळून गेलं, ही मात्र कात्री धरून बसली. इथं कुणाच्याही घरी लग्न निघालं की आत्या, मावश्या, शेजारणी महिनाभर कुकी भाजतात, आणि हॉलमध्ये केक बिचारा त्या कुकींच्या टेबलाच्या कडेला उभा असतो. ऑलिंडाच्या अक्रोडाच्या गुंडाळ्या नव्हत्या असं लग्न कुणाला आठवत नाही. आता तिच्याच पोरीचं, रेनीचं लग्न, म्हणजे सगळ्या गल्लीच्या अंगात आलेलं.

नवरा मुलगा टेकडीवरच्या व्हिटकोमांचा, लग्न त्यांच्या गोल्फ क्लबात. आणि विहीणबाईंचा फोन आला, अगदी मधात घोळून.

"ऑलिंडा, बाहेरचं खाणं क्लबात चालत नाही हो. शिवाय पाहुण्यांना वाटायचं, आम्हीच काही कमी केलं."

"बाहेरचं कुठं? घरचं आहे."

"तेच म्हणते मी," विहीणबाई म्हणाल्या.

रेनी डोळे पुसत आली. "मम्मा, एका टेबलासाठी?"

"टेबल गेलं खड्ड्यात. ज्यांनी तुला अंगाखांद्यावर वाढवली, त्या बायकांनी तुझ्या लग्नात हात बांधून कोपऱ्यात बसायचं? आणि मी मिरवायचं? मग मी कुणाची गं?"

तोड काढली शेजारच्या पीनानं. पीना म्हणजे गल्लीचा भोंगा.

"क्लबात चालत नाही ना?" ती म्हणाली. "मग क्लबाबाहेर गाड्या लावतात तिथं कुणाच्या बापाचं काय जातंय?"

ऑलिंडा आधी हसली, मग तिनं ओव्हन पेटवला. पुढचे दिवस काय सांगावे! गल्लीत शिरलं की लोण्याचा वास नाकात घुसायचा. साल नावाच्या प्लंबरच्या पिकअप गाडीतून पाइप उतरले आणि पत्र्याचे ट्रे चढले. कुणाच्या केसांत पीठ, कुणाच्या कोपराला जाम. ऑलिंडाच्या खुर्चीतल्या बाईचे केस अर्धेच कापून झाले, तरी बाई तक्रार न करता पीठ मळत होती.

लग्नाच्या दिवशी हिरवळीवर शपथा झाल्या, ऑलिंडा पहिल्या रांगेत रडली, आणि जेवणं सुरू होताच मागच्या मागे सटकली. बाहेर पिकअप गाड्यांची मागली फळकुटं आडवी पाडलेली, वर धुतलेल्या चादरी, चादरींवर कुकींचे डोंगर.

क्लबाचा मॅनेजर धावत आला. "गाड्या हलवा आधी."

"हलवते की, राजा," पीना म्हणाली. "जरा ही खाऊन सांग, मीठ जास्त झालंय का."

त्यानं एक खाल्ली. खात्री करायला दुसरी खाल्ली. मग म्हणाला, नीट कळत नाहीये.

तेवढ्यात आतली माणसं वासावर बाहेर यायला लागली. टेकडीवरच्यांची रीत वेगळी. दोन बोटांनी एकच उचलायची, अन् तीही उसनी घेतल्यासारखी. जास्त खाल्लं की हलकेपणा. आमच्याकडे न घेणाराच हलका. पण नवऱ्याची आजी काठी टेकत आली, पीनाच्या हातातला, कुकी घरी न्यायचा कागदी डबा घेतला आणि शिगोशीग भरला. मग काय, बांध फुटला. रेशमी टायवाले काका कोपरानं वाट काढू लागले. आत बँड रिकाम्या फरशीसाठी वाजत राहिला.

शेवटी विहीणबाई खडीवर उंच टाचा सांभाळत आल्या. हात थांबले, सगळी गल्ली ऑलिंडाच्या तोंडाकडे बघू लागली.

"ऑलिंडा," विहीणबाई म्हणाल्या, "मी बोलले मॅनेजरशी. हे सगळं आता आत घेऊन या. चालेल म्हणतोय."

ऑलिंडानं एक डबा उघडून त्यांच्या हातात दिला.

"आता राहू दे, विहीणबाई. तुमचीच माणसं बाहेर आलीत. तुम्हीही घ्या, आणि भरून न्या. एकच उचलली तर आमच्यात अपमान धरतात."