पत्र्यावरची म्हातारी आणि वावटळ्या

वावटळ्याचा चेहरा छत्तीस वर्षं माझ्याच हातचा आहे. नाक तेच, छाती तीच. पण आतला माणूस दोनदा बदलला आणि त्यात माझा काडीचाही संबंध नव्हता. चित्रकाराला विचारतो कोण?

आमचं चित्रकथांचं मासिक अमरावतीत छापलं जातं. त्यातल्या नायकाला, वावटळ्याला, जन्म दिला चंद्रभान मास्तरांनी. त्यांचा वावटळ्या वाऱ्यासारखा यायचा, चोराची मानगूट धरायचा आणि मग दोन पानं उपदेश करायचा. चोर कंटाळूनच शरण येत असावेत. मास्तर वारले आणि तो मूर्तिजापूरच्या गोवर्धनच्या हाती आला. गोवर्धन तापट, म्हणून त्याचा वावटळ्याही तोंड उघडण्याआधी ठोसा लगावायचा. दर पानावर एक भिंत फुटे आणि विटा काढता काढता माझी बोटं दुखून येत. गेल्या वर्षी गोवर्धनने पेन खाली ठेवला आणि आली रागिणी.

ही बार्शीटाकळीची. घरची भाजीची वाडी. अजूनही सकाळी मेथी उपटून झाल्यावरच लिहायला बसते. लहानपणी आईबरोबर अकोल्याच्या बाजारात जुड्या बांधत बसायची आणि गिऱ्हाईक नसलं की आमचे अंक वाचायची. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "वामनकाका, ते पत्र्यावरची म्हातारी कुठं गेली?"

मला काही आठवेना. तिने पिशवीतून चोवीस वर्षांपूर्वीचा अंक काढला. पूर आलाय, म्हातारी घराच्या पत्र्यावर बसलीय. वावटळ्या तिला सांगतो, "मी आत्ता येतो," आणि खलनायकाच्या मागे धावतो. पुढच्या अंकात खलनायक हरला, मिरवणूक निघाली. म्हातारीचा पत्ताच नाही. गोवर्धन तिला साफ विसरला होता. आणि मी? तिच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती मी काढली होती! मला लाज वाटली.

"मी दर महिन्याले अंक उघडून पहिले तिलेच शोधत होती," रागिणी म्हणाली. "वावटळ्याचं वय वाढत नाही ना काका? मंग ते बी अजून तिथंच बसून हाये. वावटळ्याले तिच्यापाशी वापस न्यायचं हाये मले."

मालक धर्मपालने ऐकताच हात झटकले. "आपला हिरो चुकत नाही. चुकलेला हिरो कोन वाचते?" वर मास्तरांनी घालून दिलेली रीत होतीच. जुन्या लेखकाच्या गोष्टीला हात लावायचा, तर नारळ घेऊन त्याच्या दारी जायचं. त्याने नारळ ठेवून घेतला तर होकार. "गोवर्धन हो म्हटला तर लिही. नाहीतर विषय बंद."

आम्ही मूर्तिजापूरला गेलो. नारळ पाहूनच गोवर्धन भडकला. "माही चूक चव्हाट्यावर मांडाले आली का तू?"

"काका, गोष्टीत लेखक नसते. तिथं वावटळ्याच इसरला. मंग जाईन बी तोच."

"नाही म्हंजे नाही." नारळ परत.

पुढच्या रविवारी रागिणी मला घेऊन पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही. दर वेळी नारळ परत यायचा. मी म्हटलं, पोरी, सोड आता, तो हट्टी माणूस आहे. ती म्हणाली, "तुमी थकले असान तर नका येऊ काका. मी जातेच." असा राग आला मला! पण पाचव्या रविवारी मीही मुकाट्याने गाडीत बसलो.

त्या दिवशी तिने वाद घातलाच नाही. अख्खा अंक लिहून आणला होता, तो गोवर्धनपुढे ठेवला. एका चौकटीत संवादाचा फुगा तेवढा कोरा होता.

"वावटळ्या पत्र्यापाशी पोचते, इथवर जमलं," ती म्हणाली. "पुढं तो काय बोलन, ते मले सुचूनच नाही राहिलं. तिले टाकून गेला तो तुमचा वावटळ्या होता काका. त्याच्या पोटात काय हाये, ते तुमालेच ठाव."

गोवर्धनने त्या कोऱ्या फुग्यावर बोट ठेवलं. मग कागद घेऊन आत गेला. चहा निवला, तरी बाहेर येईना. आला तेव्हा डोळे लाल होते. कागद त्याने रागिणीच्या हातात दिला आणि नारळ उचलून स्वतःच पायरीवर फोडला.

ते पान काढायला मला तीन दिवस लागले. भिंत एकही फोडायची नव्हती. वावटळ्याला गुडघ्यावर बसवायचं होतं आणि ते मी कधी केलंच नव्हतं. आजवर छापील, पुस्तकी मराठी बोलणारा हा गडी. त्याच्या तोंडी गोवर्धनने लिहिलं होतं, "माय, मी तुले इसरलो होतो."

म्हातारीचं उत्तर मात्र रागिणीचं होतं.

"मंग आता बोलत नको बसू. हात दे."