आप्पांच्या हातचा तुकडा

बेळगावला लागून असलेल्या आमच्या शहापुरात कापडावरून माणूस ओळखत. लुगड्याची घडी उलगडून बोटं फिरवली की आप्पा सांगायचे, हे कुणाच्या मागावरचं, आणि विणताना गडी रागात होता की गाणं म्हणत होता. मला बाराखडी यायच्या आधी ही विद्या यायला लागली होती आणि तिचा मला भारी गर्व होता. पुढं जे झालं ते त्या गर्वापायीच, हे आधीच सांगून टाकतो.

संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि मी गिरणीचं विणकाम शिकायला विलायतेला गेलो. आप्पांना लिहिता येत नव्हतं. पत्र ते शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेत. मास्तरांची भाषा ठरलेली: इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवणे. त्यात आप्पा कुठंच नसत. पण लुगडं मागावरून उतरवताना ते शेवटी चार बोटं जास्त विणत आणि त्याचा तुकडा कापून पत्राच्या घडीत घालत. मी पत्र बाजूला ठेवून आधी तुकडा चाचपायचो. वीण घट्ट, काठ सरळ, म्हणजे आप्पा मजेत आहेत. मग पत्र सावकाश वाचलं तरी चालायचं.

आई मी लहान असतानाच गेली होती. घरात आप्पांशिवाय आक्का, माझी थोरली बहीण, विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. ती दिवसभर रहाटावर बसून, मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. मागावर बसायची तिला फार हौस, पण बाईमाणसानं मागाच्या खड्ड्यात पाय सोडायचे नाहीत, असं आप्पांचं म्हणणं. यावरून मी विलायतेतून आप्पांशी पत्रांत भांडलो. तिकडच्या गिरण्यांत शेकडो बाया माग चालवताना पाहिल्या होत्या आणि अंगात शहाणपण मावत नव्हतं. बिचारे मास्तर माझे ते उपदेश आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवत असतील.

शेवटची परीक्षा संपली त्याच आठवड्यात आप्पांचं पत्र आलं. मजकूर नेहमीचाच, फक्त खाली एक ओळ जास्त होती: परीक्षा होताच निघणे. तुकडा हातात घेतला आणि चमकलो. वीण सैल, एक काठ आत-बाहेर भरकटलेला. धागे मोजायची काच लावून पाहिली. इंचाला किती धागे कमी ते वहीत लिहिलं आणि हा आप्पांचा हात नव्हे, असा निकाल दिला. मग कुणाचा? आक्काचा! आप्पांनी माझं ऐकलं होतं, आक्का मागावर बसली होती. त्या भाड्याच्या खोलीत मी एकटाच नाचलो.

माझी जागा त्याच आठवड्याच्या बोटीवर होती. पण घरी सगळं ठीक, उलट माझ्या मनासारखं झालेलं, मग एवढी कसली घाई? येताना समुद्र पाहिला तो उलट्या करत. बेळगावच्या माणसाला जन्मात पुन्हा समुद्र कधी भेटणार? मी जागा बदलून पंधरा दिवसांनंतरच्या बोटीवर घेतली आणि त्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावर भटकायला गेलो.

ते दिवस फार सुंदर गेले. ओहोटीला पाणी इतकं लांब जाई की ओल्या वाळूतून तासभर चालावं. दुपारी धक्क्यावर बसून कोळ्यांच्या बाया मासे चिरताना बघायचो. त्यांची भांडणं ऐकून आमच्या गल्लीतल्या नळावरची आठवण यायची. एका गावात एका कोळ्याच्या घरी चार दिवस राहिलो. घरची म्हातारी सतत लोकरीचं काहीतरी विणत असायची. आपली वीण आपण डोळे मिटूनही ओळखतो, असं ती म्हणाली. मग मला कुठं गप्प बसवतंय? खिशातला तुकडा काढून तिला दिला आणि म्हटलं, हा माझ्या बहिणीचा हात, नुकतीच शिकतेय.

तिनं तो बोटांत धरून बराच वेळ चाचपला. मग विचारलं, "तिला बरं नाही का?"

मी हसलो. ती म्हणाली, "नवशिका हात आवळून विणतो. हा हात दमलेला आहे."

लोकरीचं आणि मागाचं गणित वेगळं असतं, असं मी तिला समजावून सांगितलं. समजावून सांगितलं! आज चाळीस वर्षांनीही ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. दुसऱ्या दिवशी मी पुढच्या गावाला गेलो. आणखी आठवडाभर वाळू तुडवली, शिंपले गोळा केले. त्या दिवसांत मी खरंच सुखी होतो, आणि तेच मला सोसत नाही.

मुंबईला उतरून गाडीनं बेळगाव गाठलं, स्टेशनवरून टांग्यानं शहापूर. गल्लीत माग चालू होते, आमच्या घरातला तेवढा बंद. मला वाटलं, टांगा ऐकून आक्का उठली असेल. ती दारात आलीच. मी उंबऱ्याबाहेरूनच ओरडलो, "काय गं आक्का, कसा चाललाय माग?"

"कुणाचा माग?" ती म्हणाली. "मी कवा बसलेय रं मागावर?"

आणि मग ती मोठ्यानं रडायला लागली. आप्पांना जाऊन सहा दिवस झाले होते. अग्नी चुलतभावानं दिला होता.

लगेच, त्या उंबऱ्यावर बसूनच तिनं सगळं सांगितलं. आप्पांचा उजवा हात चार महिन्यांपूर्वीच लुळा पडला. तरी धागा ठोकून बसवायची फणी डाव्या हातानं ओढून त्यांनी एक लुगडं पुरं केलं. "मास्तर दोनदा म्हनले, पोराला आजार कळवूया. आप्पा म्हनले, लिवायचं न्हाय, लिवलं तर परीक्षेत घाबरंल. नुसता तुकडा घाला. परीक्षा झाली की हातात घिऊन बघंल, आनि येतंय बघा पयल्या बोटीनं. पयली बोट आली त्या दिवशी मला दारातनं हलू दिलं न्हाय त्यांनी. त्याच्यानंतर आठ दिवस जगले." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुला कळलं न्हाय व्हय रं?"

तुकडा माझ्या खिशात होता. मी म्हणालो, "पत्र पोचलंच नाही, आक्का."

पुढं मीच तिला माग शिकवला. पहिल्याच दिवशी तिनं विणलेलं कापड मी हातात घेतलं. वीण इतकी घट्ट की सुई जाऊ नये. नंतर तीस वर्षं ती त्या मागावर बसली आणि आप्पांचा विषय निघाला की टपाल हरवणाऱ्यांना शिव्या घालायची. माझा चेहरा उतरलेला दिसला की धोटा थांबवून माझी समजूत काढायची. "तू नगं जिवाला लावून घिऊ. तुकडा मिळाला असता तर तू पयल्या बोटीनं आला असतास. मला काय ठावं न्हाय व्हय?"

मी व्हय म्हणायचो.